घोट्यावरचं बिऱ्हाड

माझ्या डाव्या पायाला, आतल्या घोट्याच्या चार बोटं वर, एक जखम झाली. मोठं काही घडलं नव्हतं. बाथरूममधल्या स्टुलाचा कोपरा लागला, थोडं खरचटलं, मी स्टुलाला 'हात मेल्या' म्हटलं आणि विसरून गेले. जखम मात्र मला विसरली नाही. महिन्याभरात ती रुपयाएवढी झाली, मग बिस्किटाएवढी. कुणीतरी दोन दिवसांसाठी म्हणून यावं आणि ट्रंक उघडून कपडे लावायला लागावं, तसं तिने माझ्या घोट्यावर बिऱ्हाड थाटलं.

मी राहते ती जागा गाझियाबादला आहे. तिला वृद्धाश्रम म्हणायचं नाही, अशी मुलाची ताकीद आहे. तो मयूर विहारला राहतो आणि त्याने ही जागा फार शोधून काढलीय, म्हणून मी त्याच्यासमोर 'सीनियर लिव्हिंग' म्हणते आणि तो गेला की वृद्धाश्रम म्हणते. माझी खोली तळमजल्यावर आहे. खिडकीतून फाटक दिसतं, कोण आलं कोण गेलं सगळं समजतं. किल्ली माझ्याजवळ, चहाची किटली माझी, दिवा केव्हा मालवायचा ते मी ठरवते. तिसऱ्या मजल्यावर मात्र ज्यांच्याजवळ सतत कुणीतरी लागतं ते राहतात. तिथे दारांना कड्या नाहीत, पलंगांना कठडे आहेत आणि टीव्हीवर दिवसभर कुणी ना कुणी प्रवचन देत असतं. खालचं माणूस तिसऱ्या मजल्यावर गेलं की पुन्हा खाली राहायला आलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

नियम असा, की कुणाची जखम तीन महिन्यांत लहान व्हायला लागली नाही, तर त्याला तिसऱ्या मजल्यावर हलवायचं. नियमात दुष्टपणा काही नाही. वर नर्स सारखी असते, खाली दिवसातून दोनदा येते. पण मला माझी खोली सोडायची नव्हती, आणि पुढचं सगळं त्या एका हट्टाभोवती घडलं.

डॉक्टर आठवड्यातून एकदा येत. त्यांनी दोन्ही पायांचा रक्तदाब घेतला (पायाचाही घेतात हे मला अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी कळलं) आणि सांगितलं, की पायात रक्त नीट येतंय, परत वर चढायला मात्र राजी नाही. शिरा सैल झाल्यात, खाली पाणी साचतं, म्हणून जखम भरत नाही.

"काम क्या करती थीं?" त्यांनी विचारलं.

"शाळेत विज्ञान शिकवत होते. एकतीस वर्षं."

"खडे खडे?"

"बसून शिकवलं असतं तर पोरांनी बाकं विकली असती," मी म्हटलं. ते हसले आणि त्यांनी ताणून बांधायची पट्टी लिहून दिली. बोटांपासून गुडघ्यापर्यंत, घट्ट. आत एक ओलसर ड्रेसिंग. आठवड्यातून दोनदा सिस्टर ते सगळं बदलून देणार. मधे उघडायची नाही, भिजवायची नाही, तिच्याकडे बघायचंही नाही.

सिस्टर केरळची. वीस वर्षं दिल्लीत काढलेली, हिंदी अस्खलित, पण वाक्याच्या शेवटी जरा वर चढणारी. ती मला अम्मा म्हणते. इथे बाकी सगळे 'माताजी' म्हणतात आणि मला ते ऐकलं की आपल्यापुढे आता नारळ फुटणार असं वाटतं, म्हणून अम्मा मला चालतं. तिने पट्टी बांधली आणि म्हणाली, "नहाते टाइम इस पैर पे प्लास्टिक की थैली चढा लेना. गीला नहीं होना चाहिए."

इथे घोळ झाला.

देवाशी माझं फारसं सख्य नाही. पण आंघोळ झाल्याशिवाय मी दिवा लावत नाही, कपाटातल्या धुतल्या कपड्यांना हात लावत नाही, आणि पारोशाने फोनही घेतला तर आवाज पारोसा येतो असं मला वाटतं. हे वाटणं आठव्या वर्षी आईने घातलंय, ते विज्ञानाने निघालं नाही. आता एक पाय थैलीत घालून केलेल्या आंघोळीला आंघोळ म्हणायचं का? पहिल्या दिवशी मी तशी केली आणि दिव्यापुढे उभी राहिले. काडी ओढवेना. नव्वद टक्के अंघोळलेली आणि दहा टक्के पारोशी अशी बाई कुठल्या शास्त्रात बसते, ते मला कळेना. हे सिस्टरला समजावायला गेले तर पारोसं याला हिंदीत शब्द सापडेना.

"नहाया नहीं तो दिया नहीं, ऐसा?" ती म्हणाली. "पर आप तो नहाती हो."

"पैर नहीं नहाया."

"पैर को दिया लगाना है क्या, अम्मा?"

मी दुसऱ्या दिवसापासून पट्टी सोडायला लागले.

रोज सकाळी. बाथरूमचं दार लावून पट्टी उलगडायची, आतलं बुळबुळीत ड्रेसिंग कागदात गुंडाळून टाकायचं, साबण लावून जखम चांगली खसखसून धुवायची, पांढरं-पिवळं जे दिसेल ते चिमट्याने निपटून काढायचं. मग वाळवायची. ओल राहिली की जखम चिघळते, हे तर शेंबड्या पोरालाही माहीत. पंखा पुरेना, म्हणून नातीने वाढदिवसाला दिलेला हेअर-ड्रायर काढला. केस उरले नव्हते, निदान जखमेला तरी उपयोग. मग वर स्वच्छ सुती तुकडा ठेवून पट्टी पुन्हा गुंडाळायची. डोळ्यांतून पाणी यायचं, पण दिवा लागायचा. मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं.

सिस्टर पट्टी बदलणार त्या दिवशी सकाळी मी ती जास्तच निगुतीने बांधत असे, आणि तिने विचारण्याआधीच "आतलं फार ओलं झालं होतं, मीच आत्ता बदललं" असं काहीतरी पुटपुटत असे. ती जखमेवर एक पारदर्शक कागद ठेवून पेनाने कड काढून घेई. कागदावर चौकोन छापलेले असत. दर आठवड्याला नवा कागद. चौकोन कमी होत नव्हते. एकदा दोन वाढले.

अडीच महिने झाल्यावर एका मंगळवारी तिने पट्टीला हातच लावला नाही. नुसती बघत बसली.

"अम्मा, ये पट्टी किसने बाँधी?"

"तुमने."

"मैं इतनी सुंदर नहीं बाँधती. मेरे पास बाईस पैर हैं."

पट्टी खरंच सुंदर होती. प्रत्येक वेढा मागच्या वेढ्यावर बरोबर अर्धा, कडा सरळ, शेवटची टोकं आत दुमडलेली. नऊवारीच्या निऱ्या घालताना मी शिकलेलं सगळं त्या पायावर उतरवलं होतं. फक्त ताण नव्हता. ज्याच्यासाठी ती पट्टी होती तो ताणच नव्हता. तिने एक बोट आत घातलं, ते सहज खालपर्यंत गेलं.

मग मी कबूल केलं. साबण, निपटणं. ती ऐकत होती. हेअर-ड्रायरपाशी आले तेव्हा ती माझ्या पलंगावर बसली. नियमाप्रमाणे त्यांनी आमच्या पलंगावर बसायचं नसतं.

"ठंडी हवा या गरम?"

"गरम."

"अम्मा, ये किनारे पे गुलाबी-गुलाबी है न, ये नयी चमडी है. इतनी पतली, जैसे दूध की मलाई. रोज आ रही है और रोज आप उसको उखाड के सुखा देती हो. इसको गंदगी नहीं है. इसको आप हो."

मग तिने पट्टी बांधली, तिच्या पद्धतीने, ओबडधोबड आणि घट्ट, आणि उठताना म्हणाली, "अगले शनिवार आपकी मीटिंग है. तीसरी मंजिल वाली."

ती गेल्यावर मी खिडकीशी बसले. फाटकातून कोण आलं-गेलं ते त्या दिवशी मला आठवत नाही, कारण मी मनाने दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरात होते, पन्नास वर्षांमागच्या.

तिथे आम्हाला सरकारी क्वार्टर होतं. यजमान मंत्रालयात, मुलगा सहा वर्षांचा, आणि मी एकोणतीस वर्षांची अतिशहाणी. त्या वर्षी मराठी मंडळाच्या हॉलमध्ये प्रथमोपचाराचा पंधरा दिवसांचा वर्ग झाला होता. मी पहिली आले आणि प्रमाणपत्राला चौकट करून ते बैठकीच्या खोलीत लावलं. इतरांकडे त्या जागी गणपती असायचा. कापणं, भाजणं, सर्पदंश, बुडालेला माणूस, सगळं पंधरा दिवसांत. महिनोन् महिने न भरणाऱ्या जखमेबद्दल त्या वर्गात एक वाक्यही झालं नव्हतं. पण प्रमाणपत्रावर तसं लिहिलेलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात साताऱ्याहून सासूबाई आल्या. त्यांच्या उजव्या घोट्यावर जखम होती. जागासुद्धा तीच, फक्त पाय दुसरा. एवढी आयती जखम घरात चालत आलेली बघून ती एकोणतीस वर्षांची बया हरखली असणार. मी आता तिच्याकडे बघते तेव्हा मला ती पदर खोचून, चिमटा उकळत ठेवून उभी दिसते.

रोज दुपारी मागच्या अंगणात कार्यक्रम असे. सासूबाई वेताच्या मोढ्यावर बसलेल्या, पाय घमेल्यात. आधी पोटॅशचं जांभळं पाणी. मग फेस येणारं औषध. फेस आला की मी खूष. "बघा आई, जंतू मरतायत," असं मी त्यांना शिकवायचे. जंतू किती मेले माहीत नाही. मग चिमट्याने कडेचं मऊ-मऊ सगळं ओढून काढायचं आणि तासभर पाय उन्हात, पापड वाळत घालावेत तसा. सासूबाई पदराचा बोळा तोंडात धरत. एकदा म्हणाल्या, "सूनबाई, दोन दिवस त्याला हात नको लावूस की गं. जरा बसू दे त्याला."

"आई, तुम्हाला यातलं कळत नाही," मी म्हटलं.

भिंतीपलीकडची पंजाबी शेजारीण कपडे वाळत घालता घालता म्हणायची, "बहू हो तो ऐसी!" की मी आणखी जोरात घासायची.

होळीनंतर सासूबाई परत गेल्या. जखम आली होती त्यापेक्षा मोठी होऊन गेली. मी सगळ्यांना सांगितलं की त्या चोरून गूळ खातात, त्यामुळे भरत नाही. त्यांची साखर तपासली होती, ती नव्हती. पण मी निष्कर्ष बदलला नाही. पुढे मुलांना विज्ञान शिकवायला मी अगदी योग्य होते. सासूबाई चार वर्षांनी गेल्या, तेव्हाही पायाला फडकं बांधलेलं होतं, असं जाऊबाईंनी कळवलं.

शनिवारी मीटिंग झाली. ऑफिसच्या खोलीत व्यवस्थापक बाई, डॉक्टर, सिस्टर, मुलगा आणि मी. बाई पूर्वी हॉटेलात होत्या, त्यामुळे वाईट बातमीही 'आपली खोली तयार आहे' म्हणाव्या तशा आवाजात सांगतात. त्यांनी चौकोनांचे कागद टेबलावर मांडले. मुलाने ते पत्त्यांसारखे हातात घेतले आणि त्याचा चेहरा ऑफिसात असतो तसा झाला.

"तीन महीने!" तो म्हणाला. "तीन महीने में जीरो इम्प्रूव्हमेंट? यह ड्रेसिंग कौन करता है?"

सिस्टरने हात वर केला. शाळेतल्यासारखा.

"ट्रेनिंग है आपकी?"

"है, सर."

"तो फिर ये क्या है?"

सिस्टरच्या मांडीवर रजिस्टर होतं, मंगळवारची माझी कबुली त्यात असणार, पण ते तिने उघडलं नाही. व्यवस्थापक बाई गोड आवाजात म्हणाल्या, "सर, हम स्टाफ चेंज कर सकते हैं. यहाँ से इनको हटा देंगे. और माताजी को ऊपर शिफ्ट कर देते हैं, वहाँ दूसरी टीम है."

मला हिशेब स्पष्ट दिसत होता. गप्प राहिले तर वर जाईन, आणि ही बाई इथून जाईल. बोलले तर मला एकटीला खाली ठेवण्यात अर्थ नाही हे स्वतःच्या तोंडाने सिद्ध करीन. दोन्हीकडून तिसरा मजला. मग निदान खरं बोलून जावं, एवढाच विचार केला. त्यात थोरपणा नव्हता, दुसरं काही सुचत नव्हतं.

"पट्टी मैं खोलती थी," मी म्हटलं.

"आई, काय?"

"रोज. साबण लावून धुत होते. चिमट्याने निपटत होते. मग ड्रायरने वाळवत होते."

"ड्रायर म्हणजे...?"

"तुझ्या लेकीने दिलेला."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. बराच वेळ पुसत होते. बाईंच्या चेहऱ्यावरचं हॉटेल पहिल्यांदाच बंद झालं.

"माताजी, फिर तो आपको अकेले नीचे रखना..."

"हो, ते मला समजतंय," मी मराठीतच म्हटलं.

तेव्हा सिस्टर बोलली. "मॅडम, छह हफ्ते दे दीजिए. पट्टी बदलने का टाइम मैं सुबह कर देती हूँ, अम्मा के नहाने के साथ. उस दिन पैर मैं खुद धोऊँगी. बाकी दिन थैली. गलती मेरी भी है. मैंने पूछा नहीं कि खोलती क्यों हैं."

सहा आठवडे मिळाले. हेअर-ड्रायर ऑफिसात जमा करायचा असं ठरलं, आणि बाईंनी त्याची रीतसर पावती दिली.

मुलगा माझ्याबरोबर खोलीत आला. मी किटली लावली. तो खिडकीतून फाटकाकडे बघत होता.

"आई, तू आजीचं पण असंच करायचीस ना?"

"तुला आठवतं?"

"टॉवेल मी धरायचो. ती ओरडायची नाही, तिचे फक्त पाय हलायचे. मी तिला हसायचो. तू म्हणायचीस, आजी नाटक करते."

"म्हणायचे."

"करायची का?"

"नाही," मी म्हटलं. "दुखत असणार. माझं तर फार दुखलं."

त्याने चहा घेतला. साखर विसरले होते, तरी त्याने तसाच संपवला. यापुढे आम्ही यावर बोललो नाही. बोलण्यासारखं तिघांत होतं आणि तिसरी हजर नव्हती.

सहा आठवडे मी शहाण्यासारखी वागले असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी फक्त हात आवरला. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी सिस्टर यायची. कोमट पाण्याची बादली, पायावरून नुसतं पाणी सोडायचं, घासायचं नाही. तान्ह्या बाळाच्या टाळूवरून सोडावं तसं. उरलेल्या पायाला तेल, मग ड्रेसिंग, मग पट्टी. त्या दोन दिवशी मी निर्धास्त दिवा लावायची. उरलेले पाच दिवस थैली चढवून आंघोळ करायची आणि तरीही लावायची. पहिल्या दिवशी हात थबकला. दिवा लागला, त्याला काही फरक पडलेला दिसला नाही. रोज व्हरांड्यात फेऱ्या, मग कठडा धरून टाचा वर-खाली, मग पाय उशांवर उंच ठेवून पडायचं. जेवणात डाळ आणि पनीर वाढवलं. इथलं पनीर मला शाळेच्या डस्टरसारखं लागतं, पण खाल्लं.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी पट्टीच्या आत अशी खाज सुटली, की माझा हात आपोआप शेवटच्या टोकावर गेला. टोक सुटलंही. मी दुसऱ्या हाताने घंटी वाजवली.

"क्या हुआ अम्मा?" सिस्टर धावत आली.

"कुछ नहीं. मेरे हाथ पर भरोसा नहीं है."

तिने टोक परत चिकटवलं, स्वयंपाकघरातून मटारची एक मोठी पिशवी आणून माझ्या मांडीवर ओतली आणि म्हणाली, "दोनों हाथ से छीलना." नंतर पुढे आठवडाभर सगळ्या आश्रमाचे मटार मी सोलले.

कागदावरचे चौकोन कमी होऊ लागले. सहा आठवड्यांनी जखम मसुरीच्या डाळीएवढी उरली होती. पूर्ण भरली नव्हती, पण नियमात 'लहान व्हायला लागली' एवढंच होतं. व्यवस्थापक बाईंनी कागद ओळीने बघितले, सही केली आणि मी तळमजल्यावर राहिले. आणखी तीन आठवड्यांनी तिथे पातळ, चकचकीत, कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी कातडी आली. सिस्टरने तिच्यावर अगदी हलकं बोट ठेवलं आणि लगेच उचललं.

"हो गया?" मी विचारलं.

"हुआ है. रहेगा कि नहीं, मोजे पे है."

मोजा म्हणजे गुडघ्यापर्यंतचा, भयंकर घट्ट, जन्मभर घालायचा. झोपून उठल्यावर, पायात पाणी उतरायच्या आत. माझ्या बोटांत आता तेवढा जोर नाही. पूर्वी मी कुणाला सांगितलं नसतं, अर्धवट ओढून बसले असते. आता घंटी वाजवते. सिस्टर रबरी हातमोजे घालून येते, जमिनीवर बसते, माझी टाच मांडीवर घेते आणि आम्ही दोघी त्या मोज्याशी भांडतो.

"पैर ढीला छोडो, अम्मा."

"सोडलाय."

"नहीं छोडा. मुझे पता चलता है."

पंधरा मिनिटं तरी जातात. तोवर नाश्त्याचे पोहे गार होतात. इथले पोहे म्हणजे टोमॅटो, मटार आणि वरून शेव. गार झाले म्हणून फारसं काही बिघडत नाही.